‘डाइड-इन-द-वुल’ म्हणजे नेमकं काय, आणि ‘डाय-हार्ड’ त्याहून वेगळं कसं?

प्रश्न असा आहे. ब्रिटिश संसदेच्या एका दिवंगत सदस्यावरच्या इंग्रजी लेखात वाक्य आलं : ‘ही वॉज अ डाइड-इन-द-वुल कॉन्झर्व्हेटिव्ह, यट ही व्होटेड फॉर द बिल.’ विचारणाऱ्याला बाकी सगळं कळलं, मधलं जोडविशेषण मात्र अडलं. ‘लोकरीत मेलेला’ असा काहीतरी अर्थ निघतो आणि तो काही पटत नाही. मग हा ‘डाय-हार्ड’चाच भाऊबंद आहे का? आणि मराठीत सरळ ‘कट्टर’ लिहिलं तर बिघडतं कुठे?

लोकरीत कोणी मेलेलं नाही. लोकर रंगवलेली आहे. इंग्रजीत ‘डाय’ या एकाच उच्चाराची दोन क्रियापदं आहेत. डी-आय-ई म्हणजे मरणे, डी-वाय-ई म्हणजे कापड, सूत, केस वगैरे रंगवणे. भूतकाळी दोन्ही ‘डाइड’ होतात. कानाला फरक कळत नाही आणि देवनागरीत लिहिलं की डोळ्यालाही कळत नाही. रोमन लिपीत एका अक्षराचा फरक उरतो, तेवढाच. आपल्या विशेषणात वाय आहे. शब्दशः अर्थ ‘लोकर असतानाच रंगवलेलं’, म्हणजे सूत कातण्याच्या आणि कापड विणण्याच्या आधीच. माणसाला लावलं की अर्थ होतो : ज्याची मतं, निष्ठा किंवा स्वभाव मुळापासून तसाच आहे, वरून चढवलेला नाही, आणि आता बदलायचाही नाही.

स्पेलिंगची चूक इंग्रज मंडळीही सर्रास करतात, त्यामुळे ‘आय’वालं रूप छापलेलं दिसलं तर गोंधळू नका. या चुकीला इतिहासही आहे. अठराव्या शतकापर्यंत या दोन शब्दांच्या स्पेलिंगची वाटणी पक्की झालेली नव्हती. सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या आपल्या कोशात दोन्ही शब्द आय घालून दिले. त्याच्या थोडं आधीचा निबंधकार जोसेफ अ‍ॅडिसन दोन्हीकडे वाय लिहायचा. आजची वाटणी एकोणिसाव्या शतकात स्थिरावली. तेव्हा जुन्या मजकुरात ‘आय’ दिसला तर तो चूक नाही, आजच्या मजकुरात दिसला तर चूक आहे.

एवढ्यावर काम भागत असेल तर भागवा. पण ‘कट्टर’ चालेल का, या प्रश्नाचं उत्तर शब्दाच्या अर्थामध्ये नाही, त्यामागच्या प्रतिमेत आहे. ही प्रतिमा रंग किती गडद आहे हे सांगत नाही, तो कधी चढवला हे सांगते. हे नीट समजायला रंगाऱ्याच्या कढईपाशी जरा थांबावं लागतं.

लोकरीचं कापड तयार होताना रंग देण्याचे तीन मुख्य टप्पे येतात. पहिला, कातरून धुतलेली मोकळी लोकर रंगवणे. दुसरा, सूत कातून झाल्यावर त्याच्या लडी रंगवणे. तिसरा, कापड विणून झाल्यावर अख्खा ताका कढईत घालणे. आपलं विशेषण पहिल्या टप्प्याचं.

मेंढीच्या अंगावरून निघालेली लोकर तशीच रंगवता येत नाही. तिच्यात मेण, घाम, माती, काटेकुटे असतात. धुऊन स्वच्छ केली की मेंढीच्या जातीप्रमाणे वजन तिसऱ्या हिश्श्याने, निम्म्याने, कधी त्याहूनही जास्त घटतं. मेण राहिलं तर रंग तिथे लागतच नाही, चट्टे राहतात. मग नैसर्गिक रंगांसाठी तुरटीचं बंधन द्यायचं. एक किलो कोरड्या लोकरीला साधारण १०० ते १५० ग्रॅम तुरटी आणि ५० ते ६० ग्रॅम क्रीम ऑफ टार्टर (एक आंबट क्षार), पाणी ८० ते ९० अंश सेल्सियसवर, तासभर. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम एकीकडे धाग्याला धरतं आणि दुसरीकडे रंगाच्या रेणूला. त्यानंतर रंगाची कढई. पाणी हळूहळू तापवायचं, खळखळून उकळू द्यायचं नाही, आणि लोकर त्याच पाण्यात निवू द्यायची. गरमातून एकदम गारात टाकली किंवा उगाच ढवळत बसलं, तर तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि लोकरीचा नमदा होतो. मग ती पिंजता येत नाही, म्हणजे कातताही येत नाही.

आता मुख्य गोष्ट. मोकळ्या लोकरीत प्रत्येक तंतू सुटा असतो आणि रंगाचं पाणी त्याच्या चहूबाजूंनी फिरतं. तरीही थोडा कमीजास्तपणा राहतोच : एक झुपका गडद, दुसरा फिका. पण तो निस्तरायची संधी पुढच्या पायरीलाच मिळते, कारण कातण्याआधी लोकर पिंजली जाते. गडद आणि फिके तंतू तिथे इतके एकजीव होतात की सूत एका रंगाचं दिसतं. ताका रंगवताना ही सवड नसते. कापडावर डाग पडला की तो डागच.

शिवाय जाड, घट्ट कापडात रंग आतपर्यंत पोचेलच असं नाही. ताणा आणि बाणा जिथे एकमेकांवर दाबून बसतात, तिथे पाणी कमी शिरतं. असा ताका पाहायला मिळाला तर कडेचा एक धागा ओढून काढा आणि त्याचा पीळ उलटा फिरवून उकला. बाहेरून गर्द निळा दिसणारा धागा आतून फिकट, कधी जवळजवळ पांढरा निघतो आणि त्याच्यावर ठरावीक अंतराने फिक्या खुणा दिसतात. त्या ताण्याबाण्याच्या भेटीच्या जागा. कापड नवं असताना हे कळत नाही. कोपर आणि कॉलर घासली गेली की आतला पांढरेपणा डोकावायला लागतो. लोकर असतानाच रंगवलेल्या कापडाचं असं होत नाही. ते झिजतं, विरतं, भोकं पडतात, पण आत वेगळा रंग नसतोच, त्यामुळे बाहेर येणार काय? माणसाबद्दल हे विशेषण वापरताना म्हणायचं असतं ते हेच : खरवडून पाहा, आतही तोच निघेल.

इथे एक अर्धसत्य बाजूला करायला हवं, कारण बऱ्याच स्पष्टीकरणांत ते असतं. ‘लोकर असताना रंगवलं की रंग कधी उडत नाही’ असं सांगितलं जातं. हे तसं नाही. रंग उन्हात टिकेल की विटेल हे मुख्यतः रंगद्रव्यावर आणि त्याच्या बंधनावर ठरतं, टप्प्यावर नाही. हळदीने मोकळी लोकर रंगवा किंवा तयार कापड, उन्हात दोन्ही फिकी पडणार. पहिल्या टप्प्याने मिळतो तो एकसारखेपणा आणि आतपर्यंतचा शिरकाव.

मग टिकाऊपणाची ख्याती आली कुठून? याचा माझ्या मते सरळ हिशेब आहे. लोकर आधी रंगवली की तिला पुढचे सगळे हाल सोसावे लागतात. कातताना तेल लावतात, ते नंतर धुऊन काढायचं. विणलेलं कापड साबण किंवा मुलतानीसारख्या मातीबरोबर ओलं तुडवून, कुटून घट्ट करायचं. जुन्या काळी त्यासाठी साठवलेलं मूत्रही वापरत, त्यातल्या अमोनियासाठी. कच्चा रंग या वाटेवरच वाहून जाई. म्हणजे पहिल्या टप्प्याला चांगलंच रंगद्रव्य वापरणं भाग होतं आणि बाजारात पोचलेला माल त्या परीक्षेतून आधीच पार पडलेला असे. गिऱ्हाइकाला कारण माहीत नसलं तरी अनुभव येई. शब्दप्रयोग अशा अनुभवावर उभे राहतात, रसायनशास्त्रावर नाही.

तोटेही होते, नाहीतर सगळ्यांनी तेच केलं असतं. पिंजताना आणि विंचरताना काही लोकर वाया जाते. ती आधीच रंगवलेली असेल तर रंगही वाया. आणि मोठी अडचण व्यापाराची. रंग पहिल्याच पायरीला ठरवून टाकला की नंतर मागणी फिरली तरी माल फिरवता येत नाही. पांढरा ताका ठेवला तर गिऱ्हाईक सांगेल तो रंग शेवटच्या आठवड्यातही देता येतो. ‘आता बदलता येणार नाही’ ही छटा विशेषणात शिरली आहे ती इथूनही, असं मला वाटतं.

ही पद्धत इतिहासजमा झालेली नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर विणलं जाणारं हॅरिस ट्वीड याच वाटेने बनतं. लोकर आधी रंगवतात, वेगवेगळ्या रंगांची लोकर ठरलेल्या प्रमाणात मिसळतात आणि मग कातायला घेतात. दुरून तपकिरी दिसणाऱ्या अशा कापडाचा धागा जवळून पाहिला तर त्यात नारिंगी, हिरवे, जांभळे तंतू वेगळे दिसतात. तयार ताका कढईत घालून ही मिसळ साधणार नाही. १९९३च्या हॅरिस ट्वीड कायद्याने हे कापड कशाला म्हणायचं ते बांधून दिलं आहे आणि त्यात लोकर त्या बेटांवरच रंगवलेली, कातलेली असण्याची अट आहे.

आता माणसाकडे वळू. लोकर आणि संस्कार यांची सांगड इंग्रजांनी पहिल्यांदा घातलेली नाही. पहिल्या शतकातला रोमन शिक्षक क्विन्टिलियन आपल्या वक्तृत्वशिक्षणावरच्या ग्रंथात अगदी सुरुवातीलाच म्हणतो की मुलाला सांभाळणाऱ्या दाईचीसुद्धा भाषा शुद्ध हवी, कारण कोवळ्या वयात जे भिनतं ते टिकतं. नव्या भांड्याला लागलेला वास जात नाही आणि लोकरीचा मूळ शुभ्रपणा एकदा रंगाने बदलला की तो रंग धुऊन निघत नाही. इंग्रजीत सोळाव्या शतकाअखेर हीच उपमा दिसते. रिचर्ड हूकर या धर्मशास्त्रज्ञाच्या चर्चच्या कायद्यांवरील ग्रंथाचा पाचवा भाग १५९७मध्ये निघाला. त्यात बालपणाच्या लोकरीतच कठोरपणाने रंगलेली मुलं पुढे रंग बदलत नाहीत, अशा अर्थाचं वाक्य आहे. म्हणजे सुरुवातीला हा शब्दप्रयोग लहान मुलांच्या घडणीबद्दल होता. राजकीय पक्षाचा शिक्का म्हणून तो रुळला एकोणिसाव्या शतकात, विशेषतः अमेरिकी राजकारणात. तिथे कोण मूळचा आपला आणि कोण वारं पाहून आलेला, हा वाद कायम रंगे. त्याला हे विशेषण चपखल बसलं.

क्विन्टिलियन आणि हूकर दोघेही बालपणाविषयीच बोलत आहेत, हे लक्षात ठेवा. भाषांतर करताना त्याचा उपयोग होतो.

त्याआधी या विशेषणाच्या एका सख्ख्या बहिणीची ओळख करून देतो, कारण तिच्यात आपलीही एक ओळखीची खूण दडली आहे. इंग्रजीत ‘इनग्रेन्ड’ म्हणजे अंगात मुरलेलं, खोल रुजलेलं. बहुतेकांना वाटतं की हे लाकडाच्या रेषांवरून आलं, कारण त्यांनाही ‘ग्रेन’ म्हणतात. पण मूळ रंगाऱ्याकडचंच आहे. भूमध्य सागराभोवतालच्या एका जातीच्या ओक झाडांवर बारीक कीटक राहतात. ते वाळवले की धान्याच्या दाण्यासारखे दिसतात आणि त्यांच्यापासून झळझळीत, पक्का लाल रंग मिळतो. दाण्यासारखे, म्हणून त्या मालाचं नावच ‘ग्रेन’ पडलं. ‘ग्रेनमध्ये रंगवलेलं’ म्हणजे या महागड्या पक्क्या लाल रंगाचं, पुढे कुठल्याही पक्क्या रंगाचं, आणि त्यापुढे विणण्याआधीच रंगवलेलं. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये ऑलिव्हिया चेहऱ्यावरचा बुरखा दूर करते, तेव्हा हे रूप खरोखर देवानेच घडवलं असेल तर उत्तम, असा टोला तिला मिळतो. त्यावर ती म्हणते, रंग ‘ग्रेन’मधला आहे, वारापाऊस सोसेल. तेव्हाच्या प्रेक्षकाला रंगाऱ्याची ही भाषा समजावून सांगावी लागत नव्हती.

या कीटकांचं अरबी नाव ‘किर्मिझ’. ते फारसीतून आलं आणि मुळाशी ‘कृमि’ हा शब्द आहे; संस्कृतात ‘कृमिज’ म्हणजे किड्यापासून झालेलं. युरोपात जाऊन त्याचं ‘क्रिमझन’ झालं आणि मराठीत ‘किरमिजी’. म्हणजे किरमिजी लुगडं म्हणताना आपण नकळत त्याच किड्याचं नाव घेतो.

आणखी एक नातेवाईक : ‘डबल-डाइड’, म्हणजे दोनदा कढईत बुचकळलेला. इथे वेळेचा संबंध नाही, गडदपणाचा आहे. हा शब्द बहुधा वाईट माणसालाच लागतो, खलनायकाला किंवा दगाबाजाला. त्याला मराठीत ‘अट्टल’ अगदी नेमका बसतो.

आता ‘डाय-हार्ड’. हा या घराण्यातला नाहीच. यातला डाय आयवाला, मरणाचा. ‘डाय हार्ड’ म्हणजे सहजासहजी न मरणं, शेवटपर्यंत झुंजणं. फ्रान्सिस ग्रोसच्या १७८५च्या बोलभाषेच्या कोशात तो फाशीच्या गुन्हेगारांसंदर्भात येतो : फाशीच्या तख्तावर ना भीती दाखवायची, ना पश्चात्ताप. त्याला प्रतिष्ठा मिळाली रणांगणावर. १६ मे १८११ रोजी स्पेनमधल्या अल्बुएराच्या लढाईत ब्रिटिशांच्या ५७व्या पायदळ पलटणीचा कर्नल विल्यम इंग्लिस जखमी झाला, पण मागे जायला तयार होईना. तिथूनच तो सैनिकांना याच दोन शब्दांनी चेतवत राहिला, असं सांगतात. पलटणीची निम्म्याहून जास्त माणसं त्या दिवशी मारली गेली किंवा जखमी झाली. तिला पुढे ‘डाय-हार्ड्स’ हेच टोपणनाव पडलं. मग १९११मध्ये ब्रिटिश उमरावांच्या सभागृहाचे अधिकार कमी करणाऱ्या विधेयकाला जे शेवटपर्यंत विरोध करत राहिले, त्यांनाही तेच नाव मिळालं आणि शब्द राजकारणात पक्का झाला.

दोन्ही विशेषणं आज ‘फॅन’ किंवा ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’च्या आधी अदलाबदलीने लावलेली दिसतात, आणि दरवेळी ते चूक असतं असंही नाही. पण एक माणसाची सुरुवात सांगतं, दुसरं त्याचा शेवट. डाय-हार्डला समोर विरोध लागतो, हरत आलेली बाजू लागते. डाइड-इन-द-वुल माणसाला कोणी विरोध केला नाही तरी तो तसाच असतो. संघ सलग दहा सामने हरला तरी मैदानावर जाणारा प्रेक्षक डाय-हार्ड. आजोबांच्या खांद्यावर बसून पहिला सामना पाहिलेला, त्या संघाशिवाय दुसऱ्याचा विचारही न केलेला प्रेक्षक डाइड-इन-द-वुल. एकच माणूस दोन्ही असू शकतो, पण शब्द वेगळं काहीतरी सांगतात.

व्याकरणाचं थोडक्यात. नामाच्या आधी आलं तर चारही शब्द तीन जोडरेघांनी सांधायचे. ‘ही इज’नंतर एकटं आलं तर काही जण रेघा गाळतात, काही ठेवतात, ज्या प्रकाशनासाठी लिहिता त्याची पद्धत पाळा. ‘व्हेरी’ किंवा ‘मोअर’ लावू नका, कारण लोकर एकतर आधी रंगवलेली असते नाहीतर नसते. उच्चारात ‘वुल’ ऱ्हस्व आहे, ‘पुल्’सारखा, आपल्याकडे ‘वूलन’ म्हणायच्या सवयीने तो लांबतो. ‘डाइड’मधला शेवटचा ड पुढच्या ‘इन’ला चिकटतो : डाइडिन्-द-वुल.

कोणत्या नामाआधी शोभतं? पक्ष, मत, वृत्ती, निष्ठा यांच्या : लिबरल, सोशलिस्ट, रोमँटिक, स्केप्टिक, ऑप्टिमिस्ट, ट्रॅडिशनलिस्ट. कौशल्याच्या शब्दाआधी ते विचित्र वाटतं. निष्णात सर्जनला कोणी डाइड-इन-द-वुल म्हणणार नाही. सूर साधारण तटस्थ, कधी किंचित मिस्कील, कधी ‘याला समजावण्यात अर्थ नाही’ असा. निखळ कौतुक क्वचितच.

आजचा वापर काटेकोर आहे का? नाही. इंग्रजी कोशांत अर्थ ‘पुरेपूर, तडजोड न करणारा’ एवढाच मिळेल आणि बालपणाची अट कोणी तपासत बसत नाही. तरी छटा पूर्ण मेलेली नाही. गेल्या वर्षी पक्षात आलेल्या माणसाला हे विशेषण लावलं तर चांगल्या वाचकाला खटकतं, किंवा लेखक चिमटा काढतोय असं वाटतं.

आता मराठी. एकच ठरलेला प्रतिशब्द मी देणार नाही, कारण संदर्भाप्रमाणे तो बदलायला हवा. पण प्रत्येक उमेदवार कुठे अडखळतो ते सांगता येईल.

‘कट्टर’ तीव्रता सांगतो, मुळाचं काही सांगत नाही. क्रीडाप्रेमी, वाचक, चाहते यांच्याबाबतीत बेलाशक वापरा. राजकारण आणि धर्म यांच्या जवळ मात्र आजच्या मराठीत त्याला एक उग्र वास येतो, जो मूळ इंग्रजीत नाही. ‘हाडाचा’ फार जवळचा, कारण तोही आतलं सांगतो. पण तो शाबासकी आहे. हाडाचा शिक्षक म्हणताना आपण त्याच्या तळमळीला आणि कामाला दाद देतो. ‘मुरलेला’ उलट दिशेने चुकतो. मुरणं ही पुष्कळ दिवस बरणीत राहिल्यावरची गोष्ट, सुरुवातीची नव्हे. आणि मुरलेला राजकारणी म्हटलं की निष्ठेपेक्षा चलाखी आधी आठवते. ‘जन्मजात’ सगळ्यांत फसवा. लोकर पांढरीच उगवलेली असते, तिला कोणीतरी रंगवलेलं असतं. या प्रतिमेत रक्त नाही, संस्कार आहे. ‘जात्याच’ मात्र बोलण्यात इतका सैल झाला आहे की ‘जात्याच संशयी’, ‘जात्याच आशावादी’ अशा वृत्तिवाचक जागी तो खपून जातो.

माझी पहिली पसंती ‘मुळापासून’ किंवा ‘मूळचाच’ला. साधे शब्द आहेत, कौतुक नाही, निंदा नाही, वेळही बरोबर. आणि जिथे लेखात घराची, बालपणाची पार्श्वभूमी आली असेल, तिथे ‘बाळकडू’ला तोड नाही. तान्ह्या मुलाला चाटवायची ती कडू मात्रा, आणि त्यावरून लहानपणीच अंगी भिनवलेला विचार. क्विन्टिलियनच्या दाईला आणि हूकरच्या लोकरीला एकाच शब्दात उत्तर. फक्त पार्श्वभूमी नसताना तो ओढून आणू नका. वाचक आईवडिलांची गोष्ट शोधत बसेल. लोकर आणि रंग जसेच्या तसे मराठीत आणायचा मोहही टाळा. ‘लोकरीतच रंगलेला’ वाचून मराठी वाचकाला काहीही कळत नाही; ‘पक्क्या रंगाचा’ म्हटलं तर निदान धुलाई आठवते, पण माणसाबद्दल ते आपण म्हणत नाही.

तुमच्या वाक्यात आणखी एक गोष्ट तपासावी लागेल, तीही देवनागरीत हरवते. मूळ मजकुरात ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’चा सी मोठा आहे की लहान? मोठा असेल तर तो पक्षाचा माणूस, म्हणजे आपल्या वृत्तपत्रांच्या भाषेत हुजूर पक्षाचा. लहान असेल तर वृत्तीने परंपरावादी, पक्ष कोणताही असो. संसद सदस्य असल्याने मोठा असण्याची शक्यता जास्त, पण नक्की पाहून घ्या.

मोठा सी असेल तर : ‘ते मुळापासूनच हुजूर पक्षाचे, तरीही त्यांनी विधेयकाच्या बाजूने मत दिलं.’ लहान असेल आणि लेखात घरच्या वातावरणाचा उल्लेख असेल तर : ‘परंपरेचं बाळकडू घेतलेला हा माणूस, तरीही त्याने विधेयकाच्या बाजूने मत दिलं.’ आदरार्थी बहुवचन की एकवचन, हे बाकीच्या लेखाच्या सुरावर ठरवा. ‘तरीही’ मात्र दोन्हीकडे गाळू नका. त्या ‘यट’साठीच लेखकाने आधी एवढं जड विशेषण वापरलं आहे.